वहिनींची लाल चिठ्ठी

माझ्या वहिनी लोकांना सांगतात की त्यांची एक गाय पुण्याला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, नणंदेनं पुण्यात बंगला बांधला असेल आणि मागे गोठा असेल. मी राहते फ्लॅटमध्ये, आणि ती गाय आहे आमच्या प्रयोगशाळेत, प्लॅस्टिकच्या एका चपट्या बाटलीत, गुलाबी द्रवाखाली. खरं तर ती गायही नव्हे, गायीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. पण या मुद्द्यावर वहिनींशी वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. फोन केला की त्या आधी माझी तब्येत विचारतात, मग तिची.

गावात माझी ओळख ‘जनावराची डॉक्टरीण’ अशी आहे. ईट गावाच्या अलीकडे फाट्यावर उतरून घरापर्यंत चालत जायचं म्हटलं तरी वाटेत कुणी म्हशीचं दूध आटल्याचं सांगतं, कुणी शेळी लंगडते म्हणून दाखवायला आणतं. मी सांगते, बाबा रे, मी ढोरांची डॉक्टर नाही, मी पेशींचा अभ्यास करते, गायीला सुई टोचायची माझ्यात हिंमत नाही. त्यांना वाटतं, पोरगी शिकली आणि शिष्ट झाली. मी शिष्ट आहे, पण ते शिकण्याच्या आधीपासून.

माझा विषय गोचीड ताप. आमच्या भूम तालुक्यात घरोघरी दूध आणि त्या दुधाचा खवा. जास्त दुधासाठी संकरित गायी आल्या, आणि देशी जनावर ज्या तापातून कसंबसं उठायचं त्या तापात या गायी आडव्या होऊ लागल्या. गोचीड दगडी गोठ्याच्या भिंतीतल्या फटींत दबा धरून राहते, ऊन वाढलं की बाहेर पडते. ती चावली की तिच्या लाळेतून एक अतिसूक्ष्म जीव जनावराच्या अंगात जातो आणि थेट पांढऱ्या पेशीत शिरतो. पांढरी पेशी म्हणजे शरीराची राखणदार. चोरानं यावं आणि राखणदाराच्याच घरात मुक्काम ठोकावा, तसं हे.

एवढ्यावर तो थांबला असता तर मी दुसरा विषय निवडला असता. पण हा आत बसून त्या पेशीला वाढायला लावतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार, थांबूच देत नाही. पेशी दुभंगताना आपली गुणसूत्रं ज्या धाग्यांनी दोन्हीकडे ओढून घेते, त्याच धाग्यांना हा जाऊन चिकटतो आणि तिच्याबरोबर स्वतःचीही वाटणी करून घेतो. दोन्ही लेकींच्या घरी याचा वाटा पोहोचलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला हाताला धरून ओढत आणलं होतं. ज्या तापानं लहानपणी आमच्या गोठ्यातली वासरं गेली, त्याच तापाचं मला कौतुक वाटत होतं. हे मी घरी कधी बोलले नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी या विषयात राहिले. औषधानं आतला जीव मेला की ती पेशी पुन्हा साधी पेशी होते, आणि साध्या पेशीसारखी काही काळानं मरते. शत्रू आत आहे तोवर ती अमर. विद्यार्थ्यांना हे सांगताना मी नेहमी थोडी घाईत पुढे जाते. त्यावर फार वेळ विचार केला की मला माणसांची आठवण यायला लागते आणि तास भलतीकडेच जातो.

वहिनींच्या गायीचं असं झालं. माझा भाऊ तेव्हा होता. मी उन्हाळ्यात घरी आले होते आणि त्यांची सगळ्यात दुधाळ गाय तापली. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झालेली, डोळ्यातून पाणी, वैरणीला तोंड लावेना. तालुक्याच्या पशुवैद्यांना निरोप गेला. मला त्या गायीचं रक्त हवं होतं, आणि ते औषध टोचायच्या आधी हवं होतं, कारण औषध अंगात गेलं की आतला जीव मरणार आणि मग त्या रक्ताचा मला काही उपयोग नव्हता. आमच्या भागातल्या परोपजीवीचा नमुना प्रयोगशाळेत एकही नव्हता. मी भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, घे की, तिला काय कमी आहे रक्ताला.

डॉक्टर आले ते नेमके दिवेलागणीला. माझी आई जोत्यावर बसली होती. ती म्हणाली, “आता न्हाय. दिवा लागल्यावर गोठ्यातलं काय बी भाईर जात न्हाय. ना दूध, ना दही. हे तर रगत हाय.” आमच्याकडे हे फार पाळतात. शेजारीण संध्याकाळी विरजणाला आली तरी तिला हात हलवत परत जावं लागतं. मी चिडून काहीतरी बोलणार तेवढ्यात घरातून वहिनी बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, “दिवा कुठं लागलाय अजून, आत्याबाई?”

खरंच लागला नव्हता. सूर्य बुडून गेला होता, शेजारीपाजारी सगळीकडे उजेड दिसत होता, आणि आमच्या घरात देवापुढे अंधार. वहिनी काडेपेटी मुठीत धरून दारात उभ्या राहिल्या. घरात आजारी जनावर असताना तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवणं हेही त्यांच्या दृष्टीनं चांगलं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. डॉक्टरांनी गोठ्यातल्या बल्बच्या उजेडात रक्त काढून मला दिलं, मग गायीला औषध टोचलं. मी नळी बर्फाच्या डब्यात ठेवून डबा उंबऱ्याबाहेर, भावाच्या मोटरसायकलवर नेऊन ठेवला. तेव्हा कुठे वहिनींनी काडी ओढली.

गाय दुसऱ्या दिवशी गेली. औषधाला उशीर झाला होता, आम्ही तिला पाहिलं तेव्हाच तो झालेला होता. मागे तिची लहान कालवड राहिली. मी पुण्याला आले आणि त्या रक्तातल्या पेशी वाढायला ठेवल्या. बऱ्याच नमुन्यांतून काही उगवत नाही, बाटली नुसती गढूळ होऊन टाकून द्यावी लागते. या पेशी धरल्या. मी फोन करून वहिनींना म्हटलं, तुमची गाय माझ्याकडे वाढते आहे. त्या म्हणाल्या, “खायला काय घालताव तिला?”

पुढचं काम कंटाळवाणं होतं, आणि मला कंटाळवाणं काम आवडतं. पेशी दाटल्या की थोड्या उचलून नव्या बाटलीत घालायच्या. त्या दाटल्या की पुन्हा नव्या बाटलीत. सणवार नाही, सुट्टी नाही. अशी वर्षं गेली की आतला जीव हळूहळू आळशी होत जातो. बाटलीत सगळं आयतं, लढायला कुणी नाही, गोचिडीच्या पोटात जायची धडपड नाही. त्याची रग उतरते. अशा रग उतरलेल्या जीवासकट या पेशी वासराला टोचल्या तर थोडीशी कणकण येते आणि वासराचं शरीर त्याला ओळखायला शिकतं. मग खरा ताप आला तरी ते वासरू तगून जातं. ही युक्ती माझी नव्हे, या विषयात ती जुनी आहे. माझा हट्ट एवढाच होता की आमच्या मुलखातल्या तापावर आमच्याच मुलखातल्या पेशींची लस असावी. त्या हट्टापायी मी बऱ्याच बैठकांत भांडले आणि बऱ्याच लोकांना नकोशी झाले.

या काळात आई गेली. मग भाऊ गेला, अचानक, रानातून येऊन पाणी पिता पिता. वहिनींनी बाकीची जनावरं विकली. राहिली ती त्या मेलेल्या गायीची लेक, तीही आता वयाला आलेली, आणि तिला झालेली एक कालवड. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं आगाऊ. माझी ओढणी तिनं दोनदा चावून ठेवली. भाचा पुण्यात नोकरीला. त्यानं आईमागे लकडा लावला होता की गोठा बंद कर आणि माझ्याकडे ये. वहिनींना जायचं नव्हतं. त्या घरात त्या खव्याची भट्टी लावायच्या, गावात चार बायका त्यांचं ऐकायच्या, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर काय करायचं हे त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी मायलेकांचं ठरलं. कालवड मोठी होऊन दुधाला आली तर वहिनी गावातच राहणार. नाही तर म्हातारी गाय विकायची आणि घराला कुलूप.

म्हणजे त्या घराचं सगळंच त्या एका कालवडीवर येऊन ठेपलं होतं, आणि नेमकी तेव्हाच माझी लस गावात न्यायची वेळ झाली.

चाचणीचा नियम सोपा असतो आणि तो कुणालाच आवडत नाही. निम्म्या वासरांना लस द्यायची, निम्म्यांना लशीसारखंच दिसणारं नुसतं पाणी. कुणाला काय मिळालं हे वासराच्या मालकाला माहीत नसावं, टोचणाऱ्याला नसावं आणि मलाही नसावं. नाहीतर माझाच डोळा मला पाहिजे ते बघणार. कुपीत काय आहे हे आमच्या संस्थेतल्या माझ्या एका सहकाऱ्याला तेवढं ठाऊक होतं, आणि तो माणूस असा की बायकोलाही पगार सांगत नसेल. कुप्यांना दोन रंगांची झाकणं लावली होती. भांडारात लाल आणि पांढरी शिल्लक होती, म्हणून त्यानं लाल आणि पांढरी लावली.

मी गावची लेक, तेव्हा माझ्यावर पक्षपाताचा आळ येणार हे उघड होतं. म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. देवीच्या देवळाच्या सभामंडपात सगळ्यांसमोर पितळी तांब्यात लाल ठिपक्याच्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्या सारख्याच टाकल्या, आणि प्रत्येक घरातल्या बाईनं येऊन हात घालायचा. वासरांचं सगळं बायकाच बघतात, म्हणून बायकाच बोलावल्या. निम्म्यांना पाणी मिळणार आहे, कोणत्या रंगात पाणी आहे ते मलाही माहीत नाही, कुणाचं वासरू तापलं तर लगेच उपचार होतील, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं.

मी पेशींची माणूस. रंग म्हणजे रंग, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. माझ्या सहकाऱ्याच्या तर सात जन्मांत आलं नसतं. पण पहिल्या बाईच्या हाताला लाल ठिपका लागला आणि तिनं ती चिठ्ठी कपाळाला लावली. लाल म्हणजे कुंकू. देवीच्या दारात देवीनं कौल दिला. दुसरीला पांढरी आली, आणि तिचा हात तिथेच थबकला. पांढरं म्हणजे रिकामं कपाळ. बघता बघता सभामंडपाचे दोन भाग झाले. लालवाल्या खांबाच्या या बाजूला, हसऱ्या. पांढऱ्यावाल्या त्या बाजूला, पदर ओढून. मी घसा फोडून सांगत होते की हे कुंकू नाही, ही झाकणं आहेत. एक म्हातारी मला समजावून म्हणाली, “व्हय गं बाई, झाकणंच हाईत. पर देवीच्या दारात हाईत न्हवं?”

वहिनींच्या पुढे शेजारच्या घरातली एक नवी सून होती, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. तिला पांढरी आली. तिच्या सासूचं तोंड उतरलं, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी भरलं. तिच्यामागून वहिनींनी तांब्यात हात घातला. वहिनींना लाल आली.

सभामंडपातल्या बायका खाली बघायला लागल्या. आमच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव केलेला आहे, फळ्यावर लावलेला आहे, वरती फुलांची नक्षीही काढली आहे. तरी भाऊ गेल्यापासून हळदीकुंकवाला वहिनींना कुणी बोलावलेलं नाही. त्या लाल चिठ्ठी बोटांत धरून उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी ती त्या नव्या सुनेपुढे केली. म्हणाल्या, “घे गं. तुझंच हाय हे. मला ती पांढरी दे.”

सुनेनं हात पुढे केलाही होता. मी मध्ये पडले. मी म्हणाले, चिठ्ठ्या बदलता येणार नाहीत, ज्याला जी आली ती त्याची. हा चाचणीचा नियम होताच, आणि नियम म्हणून तो बरोबरच आहे. एकदा अदलाबदल सुरू झाली की चिठ्ठ्यांना अर्थ उरत नाही. पण मी त्या वेळी नियमासाठी ओरडले नाही, हे मला चांगलं माहीत आहे. माझ्या वहिनींनी लाल आपल्यासाठी नाही असं समजून हातातलं देऊन टाकावं, ते सगळ्या गावानं खाली बघत मान्य करावं, आणि मी शास्त्रज्ञ म्हणून शेजारी उभी राहून बघावं, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, “इथं हळदीकुंकू नाही चाललेलं. वहिनी, लाल तुमच्या हाताला आली आहे, तुमच्याच हातात राहील.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी मिटली आणि कमरेला खोचली. त्यांच्या कालवडीला लाल झाकणाच्या कुपीतलं टोचलं. तिनं टोचणाऱ्याच्या पायावर लाथ मारली.

ऊन वाढलं तशा गोचिडी निघाल्या. लाल चिठ्ठीवाल्या घरांत लोक निर्धास्त झाले. देवीनं दिलं आहे, आता गोचीड काय करणार. पांढऱ्यावाल्यांनी मात्र भिंतींच्या फटी शेणामातीनं बुजवल्या, वासरांच्या कानामागच्या गोचिडी रोज वेचल्या. म्हणजे दोन गटांची वागणूकच वेगळी झाली, आणि माझी चाचणी हातची जायला निघाली. मी पुण्याहून येऊन घरोघर हात जोडत फिरले की बायांनो, लाल असो की पांढरी, गोचिडी वेचा, फटी बुजवा. त्या हो म्हणायच्या. मी पाठ वळवली की हसायच्या. हळूहळू वेचायला लागल्या, काही माझ्या धाकानं, बऱ्याचशा माझी दया येऊन. वहिनींना सांगावं लागलं नव्हतं. त्या पहिल्या दिवसापासून वेचत होत्या.

आणि त्यांचीच कालवड तापली.

फोन सकाळी आला. वहिनी म्हणाल्या, “गाठ आलीया. डॉक्टर येऊन टोचून गेलेत. तुम्ही यायलाव का?” मी बार्शीची एसटी धरली. त्या प्रवासात मी जे मनात धरून बसले होते ते लिहायला मला अजून जड जातं. मी मागत होते की लाल झाकणात पाणी असावं. लाल ही लस असली, आणि तरी कालवड तापली असली, तर माझी सगळी वर्षं त्या कढत गाठीत संपणार होती. लाल हे पाणी असलं, तर माझी लस अजून शाबूत होती. आणि पाणी मागणं म्हणजे काय, हेही मला कळत होतं. ज्या घरातून पहिलं रक्त आलं त्या घराच्या वासराला मी काहीच दिलेलं नसावं, आणि समोरून चिठ्ठी बदलून मागितली तरी दिलेलं नसावं, असं मी मागत होते. बार्शी येईपर्यंत मी ते मागत राहिले.

कालवड गोठ्यात आडवी होती. ठिपका असलेलं डोकं वहिनींच्या मांडीवर. वहिनी ओल्या फडक्यानं तिचं नाक पुसत होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी विचारलं, “लालमंदी काय होतं, वन्सं?” मी म्हटलं, “मला माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही.” त्यांनी मान हलवली. फडकं पुन्हा ओलं केलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, पण त्यांना तेवढी सवड नव्हती. कालवडीला पाणी पाजायचं होतं.

औषधाची दोन्ही इंजेक्शनं वेळेवर झाली होती, तरी ती टिकली नाही. रानाच्या कडेला खड्डा घेतला, मीठ टाकलं. भाचा पुण्याहून आला होता. तो माझ्याशी नीट बोलला, चहा दिला, बसस्टँडवर सोडायला आला, आणि निघताना म्हणाला, “आत्या, आता आईला मी घेऊन जातो. तू मध्ये पडू नकोस.” मी हो म्हटलं.

हंगाम संपल्यावर सहकाऱ्यानं बंद पाकीट फोडलं. आम्ही सगळे टेबलाभोवती उभे होतो. लाल म्हणजे पाणी. पांढरं म्हणजे लस. पांढऱ्या झाकणाची वासरं तगली होती, ताप आला तरी उठून वैरण खायला लागली होती. ज्या थोड्या वासरांना जोराचा ताप आला ती जवळजवळ सगळी लालची. खोलीत टाळ्या वाजल्या, कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी खूश झाले. ते खोटं कशाला सांगू, मी आधी खूश झाले, पोटातून झाले. मग मला सभामंडपातला वहिनींचा पुढे केलेला हात दिसला. मी हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि बेसिनपाशी बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

नियमाप्रमाणे ज्यांना पाणी मिळालं होतं त्या वासरांना आता लस द्यायची होती. आमची माणसं डबा घेऊन घरोघर फिरली. वहिनींच्या घरी टोचायला काही नव्हतं. त्यांना निकाल मी स्वतः सांगेन असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, म्हणून तिथे कुणी थांबलं नाही.

मी गेले तेव्हा त्या भट्टीपुढे बसल्या होत्या. घरचं दूध पुरत नव्हतं म्हणून शेजारचं विकत घेऊन खवा आटवत होत्या. खवा घट्ट व्हायच्या बेतात असला की उलथनं थांबवता येत नाही, थांबलं की खाली लागतं. त्यामुळे त्यांनी मान वर केली नाही. मी पाट ओढून बसले आणि सांगितलं. लाल म्हणजे पाणी होतं. पांढऱ्यात औषध होतं. तुम्ही बदलून मागत होतात. मी बदलू दिलं नाही.

उलथनं फिरत राहिलं. शेजारच्या नव्या सुनेची पांढऱ्या चिठ्ठीची वासरी भिंतीपलीकडे हंबरत होती, ती आवाजानंच धट्टीकट्टी वाटत होती. मी म्हटलं, “तुम्ही लाल आपल्यासाठी नाही असं समजून देत होतात. ते मला सहन झालं नाही.”

वहिनी म्हणाल्या, “म्या कुठं तसं समजले?”

मी पाट थोडा पुढे सरकवला.

“ती पोर रडायलीती,” त्या म्हणाल्या. “तिची सासू तिला घरी जाऊन बोलणार हुती, मला ठाऊक हाय त्या बाईची जीभ. म्हणून म्हणलं, घे माझी. मला काय, लाल काय आन् पांढरं काय. मला वाटलं, तुमचं औषध हाय, दोन्हीत चांगलंच असंल.” त्यांनी कढईच्या कडा खरवडल्या. “कुंकवाचं तुमच्या मनात आलं, वन्सं. आन् साऱ्या गावाच्या आलं. तुम्ही येवढ्या बायांत वरडलाव, मग मला तोंड उघडाया जागाच ऱ्हायली न्हाय.”

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. वहिनींसाठी मी सगळ्या गावाशी भांडले होते असं मला वाटत होतं. त्यांना काय पाहिजे हे त्या अख्ख्या सभामंडपात कुणीच विचारलं नव्हतं. गावानं विचारलं नाही हे मी समजू शकत होते. मी तर त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. मी रडायला लागले. वहिनी म्हणाल्या, “जरा मागं सरा, धूर लागतोय तुम्हांला.” धूर उलट्या बाजूला जात होता.

खवा उतरवून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “पुढच्या बारीला माझ्या हातात चिठ्ठी आली तर आधी मला इचारा. राग मागनं करा.”

“पुढच्या बारीला?” मी विचारलं. “तुम्ही तर पुण्याला निघालात ना?”

“पोराला न्हाय म्हणून कळवलं परवा. म्हातारी गाभण हाय. ह्या वयात तिला इकत कोण घील, आन् घेतली तर तिचं कोण बघंल?”

म्हातारी गाय गोठ्यात रवंथ करत बसली होती. तिचं वय, तिचे पाय, तिचं पोट, काहीच भरवशाचं नव्हतं. वहिनींना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं आणि तरी त्यांनी ठरवून टाकलं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं की वासरू झालं की लगेच लस देऊ, मी स्वतः घेऊन येईन, आता तर कळलंच आहे कशात काय आहे ते. मी ते गिळलं.

मी विचारलं, “वहिनी, तिच्या वासराला टोचायची का लस?”

वहिनींनी थोडा विचार केला. “बघू,” त्या म्हणाल्या. “आधी ते व्हऊ तर द्या.”